होऊ घातलेला विश्लेषक

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माणूस मोठा झाला की त्याच्याबद्दल लोक नंतर काहीही सांगत सुटतात. आपल्यापाशी एक खरी प्रत असलेली बरी.

विमा कंपनीत सहायक विश्लेषकाची जागा निघाली आहे. त्यासाठी परीक्षा. लॉजिकल रीझनिंग आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग. म्हणजे पाठांतर नाही, निबंध नाही, नुसता विचार करायचा. इतकी वर्षं मी हेच तर करतोय. फक्त त्याचे मार्क देणारं कोणी भेटलं नव्हतं.

परीक्षा चौदा फेब्रुवारीला. माझ्यासारख्याला इतका वेळ देणं हा जरा अपमानच आहे.

दादाला सांगितलं. तो बूट घालत होता. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली, डोक्याला काम नाही. म्हणाला, बरं आहे, बस परीक्षेला. वहिनी म्हणाली, भाऊजी, अभ्यासाला बाहेरची खोली घ्या, उजेड चांगला आहे तिथे. अप्पा पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडून बसले होते. त्यांनी चौकटचा नव्वा उचलला आणि मान वर न करता म्हणाले, पुन्हा का?

पुन्हा काय पुन्हा. मागची परीक्षा वेगळी होती. त्याआधीचीही वेगळी होती. सख्ख्या बापाला फरक कळू नये.

६ जानेवारी

बाहेरची खोली ताब्यात घेतली. टेबल खिडकीशी लावलं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून भिंतीशी लावलं. भिंतीकडे बघून माणूस खचतो म्हणून परत खिडकीशी. दुपार गेली. पण पाया पक्का हवा.

वहिनी शिलाई मशीन या खोलीत आणणार होती म्हणे. ती घरबसल्या कपडे ऑल्टर करते. खालचा लाँड्रीवाला काम पाठवतो. सध्या मशीन स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटून आहे. कोणाला फ्रिज उघडायचा असला की तिला उठावं लागतं. उठावं की. बसून बसून पाय जड होतात.

९ जानेवारी, शुक्रवार

पुस्तक आणलं. जाडजूड. लेखकाचा फोटो मागच्या पानावर, हाताची घडी घालून. असा उभा राहिलेला माणूस शहाणा असूच शकत नाही.

पहिलाच प्रश्न. सर्व टेबलं खुर्च्या आहेत. काही खुर्च्या पंखे आहेत. तर काही टेबलं पंखे आहेत का? हे ज्याने लिहिलं त्याच्या घरी मला एकदा जेवायला जायचं आहे. बसवतो कशावर ते बघायचं आहे.

दुसरा. पाच मित्र एका बाकावर बसले आहेत. अ ला ब च्या शेजारी बसायचं नाही. क ला टोकालाच बसायचं आहे. ड चं आणि इ चं पटत नाही. मग हे मित्र कसले? मी उत्तराच्या जागी ‘पाचही जणांनी घरी जावं’ असं लिहिलं. पर्यायांत ते नव्हतं. पर्यायांत शहाणपणाचं काहीच नसतं.

तिसरा. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो, हिच्या आईच्या एकुलत्या एका मुलाचा मी जावई. तर ती बाई त्याची कोण? मी म्हणतो, ज्या घरात जावई असं बोलतो त्या घरातली बाई कोणी का असेना, बिचारीच.

तीन प्रश्नांत लेखकाची लायकी कळली. पुस्तक मिटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

आज रीतसर एक संच सोडवला. वेळ लावून. मागच्या उत्तरांशी ताडून बघितलं तर निम्म्याच्या बऱ्याच खाली. आधी जरा गार झालो. मग शांतपणे विचार केला. ती उत्तरं कोणी लिहिली आहेत? त्याच, हाताची घडीवाल्याने. मग माझी उत्तरं प्रमाण धरून पुन्हा तपासलं. सगळीच्या सगळी बरोबर.

यापुढे अशीच तपासणी करायची.

प्रकाशकाला चुकांची यादी पाठवली. सभ्य भाषेत, पण झोंबेल अशी.

१४ जानेवारी

मशीनची घरघर. एकाग्रता म्हणून राहिली नाही. वहिनीला जाऊन सांगितलं की माझ्या अभ्यासाच्या वेळेत मशीन बंद असेल तर बरं. अभ्यासाची वेळ कोणती ते तिने विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही, विचार कधीही येतो. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं, मग पायडलवरचा पाय काढला.

अप्पांनाही पत्ते पिसू नका म्हणालो. अप्पा म्हणाले, पत्त्यांचा आवाज भिंतीपलीकडे जातो हे तुझं संशोधन आहे का. त्यांच्या पिढीला अ‍ॅबस्ट्रॅक्ट काही कळत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

घरात अभ्यास अशक्य. वाचनालयाच्या अभ्यासिकेत जागा धरली. तिथली गर्दी बघून परीक्षेबद्दल जी थोडी भीती होती तीही गेली. एक जण पुस्तकातली प्रत्येक ओळ पिवळी करतो. म्हणजे महत्त्वाचं काय ते त्याला कळत नाही. एक जण डोळे मिटून पुटपुटतो. समोरच्या टेबलावर एक बाई, तिच्यापुढे भली मोठी पाण्याची बाटली, बाटलीवर किती वाजेपर्यंत किती प्यायचं त्याच्या खुणा. पाणी प्यायलाही जिला वेळापत्रक लागतं ती काय विश्लेषण करणार.

तिला मी बाटली म्हणतो. मनात.

२२ जानेवारी

बाटली आज स्वतःहून बोलली. मी ओळखलंच होतं की बोलणार. तीही चौदा तारखेलाच परीक्षेला आहे. सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, दुपारी इथे येते. तिने विचारलं, तुम्ही आकृत्यांचं कसं करता?

मी तिला माझी पद्धत समजावली. एकदाच बघायचं. पहिलं जे मनात येईल तेच उत्तर. पुन्हा बघायचं नाही. पुन्हा बघणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. ती ऐकत होती. मग म्हणाली, मी एकेक गोष्ट बघते. आधी फक्त ठिपका कुठे सरकतो ते. बाकीचं अंगठ्याने झाकते. मग फक्त बाण. मग रंग. सगळं एकदम बघितलं की माझा गोंधळ होतो.

तिने करून दाखवलं. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं. म्हणजे चुकलंच म्हणायचं. मी हसलो नाही, पण हसण्यासारखंच होतं. अंगठा लावणारे लोक वेगळे, विचार करणारे वेगळे.

उद्यापासून ती दुसऱ्या टेबलावर बसणार म्हणाली. तिकडे वारा येतो. माझ्याजवळ बसून तिचं लक्ष लागत नसणार. लागणार कसं.

२८ जानेवारी, बुधवार

लाँड्रीवाला वर आला होता. एका हॉटेलच्या सगळ्या नोकरांचे युनिफॉर्म शिवायचं आणि दुरुस्त करायचं काम आहे, दर महिन्याचं. पण हॉटेलची स्टोअरकीपर बाई आधी जागा बघायला येणार. फ्रिजशेजारी बसून हे काम होणार नाही, कापड पसरायला टेबल हवं. तो बोलत असताना बाहेरच्या खोलीकडे बघत होता. मी दार लावून घेतलं.

दाराआडून वहिनीचा आवाज आला. चौदा तारखेपर्यंत थांबता येईल का, भाऊजींची परीक्षा आहे. लाँड्रीवाला म्हणाला, ते लोक थांबतील का माहीत नाही. वहिनी म्हणाली, विचारून तर बघा.

माझ्या परीक्षेचं गांभीर्य घरात एकीला तरी आहे, हे बघून बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रकाशकाचं उत्तर आलं. आमच्या उत्तरांत चूक आढळली नाही, आपल्याला सरावासाठी शुभेच्छा. खोचक माणूस.

आज अभ्यास केला नाही. निषेध.

३ फेब्रुवारी

आजही. निषेध एका दिवसाचा असून चालत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

दादाने जिन्यात गाठलं. घरात न बोलता जिन्यात बोलला म्हणजे काहीतरी मनात धरून आला होता. हाताला ग्रीस तसंच. म्हणाला, कसं चाललंय? मी म्हणालो, उत्तम. तो म्हणाला, मनापासून कर. तिने काम थांबवून ठेवलंय तुझ्यासाठी, मला बोलली नाही ती, लाँड्रीवाल्याकडून कळलं.

मी म्हणालो, विश्लेषक झालो की तुम्हाला अख्खं घर मोकळं करून देतो. त्याने ग्रीसचा हात पँटला पुसला. मग म्हणाला, कुरिअर ऑफिसात झालं तसं करू नकोस.

हा विषय कायमचा लिहूनच टाकतो. कुरिअर ऑफिसातली नोकरी मी सोडली. ते म्हणतात त्यांनी काढलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. चुकीच्या पत्त्यांवर गेलेल्या पाकिटांबद्दल म्हणाल तर पत्ते वाचणं हे माझं काम नव्हतंच. होतं, पण माझ्या योग्यतेचं नव्हतं.

दादाला माझा हेवा वाटतो का, हा प्रश्न काही दिवसांपासून मनात आहे. आज उत्तर मिळालं. पहिलंच जे मनात आलं ते.

९ फेब्रुवारी, सोमवार

अभ्यासिकेच्या दारात बाटली भेटली. कंपनीने वेबसाइटवर मॉक टेस्ट ठेवली आहे म्हणे, फुकट. परीक्षेच्या दिवशी दिसणार तसाच सगळा स्क्रीन. म्हणाली, एकदा देऊन बघा, कुठलं बटण कुठे आहे ते कळतं, सूचनाही नीट वाचता येतात. मोबाइलमध्ये उघडून दाखवायलाही निघाली.

मी म्हणालो, बटणं दाबायची परीक्षा नाही ही. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

मॉक देणं म्हणजे आपल्याला येतं की नाही याची शंका असणं. मला शंका नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. आज मेंदूला पूर्ण विश्रांती. तशी ती गेला आठवडाभर चालूच आहे, पण आज अधिकृत.

वहिनीने माझा शर्ट इस्त्री केला. बाही उसवली होती ती हाताने शिवली, मशीन लावलं नाही. अप्पांनी विचारलं, पेन आहे का. मी म्हणालो, अप्पा, कॉम्प्युटरवर असते. ते म्हणाले, तरी असू दे, आणि आपलं पेन दिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं आणि अजून पेनवर भरवसा. घेतलं. वाद कशाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

विजय.

सविस्तर लिहितो. केंद्रावर रांग. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बाटली दोन माणसं पुढे. बाटली बाहेर ठेवायला लावली होती तिला, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. तिने हात केला. मीही मान हलवली. परीक्षेआधी माणसाने माणसाला धीर द्यावा.

कॉम्प्युटर सुरू झाला. आधी सूचनांचं लांबलचक पान. ते वाचणाऱ्यांची मला कीव येते. पुढे गेलो. प्रश्न आले. आणि काय सांगू, इतके सोपे. त्रिकोण, चौकोन, पुन्हा त्रिकोण. पुढे काय? चौकोन. माझ्या पद्धतीने सपासप. थोडेच प्रश्न, पण नेमके. संपल्यावर हिरवी पट्टी आली, ‘छान’ की काय लिहिलं होतं, खाली दोन बटणं. एकावर ‘पुढे’, एकावर ‘बाहेर’. झाल्यावर माणूस बाहेरच पडणार. पडलो.

उठलो तेव्हा संपूर्ण हॉल माना खाली घालून बसला होता. देखरेखीवरचा माणूस लगबगीने आला. विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हणालो, नाही, झालं माझं. तो म्हणाला, झालं? मी म्हणालो, कधीच. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं होतं. अशी माणसं त्या हॉलमध्ये रोज येत नसणार.

बाटलीच्या शेजारून गेलो. अंगठा पडद्यावर लावून बसली होती.

घरी आलो. वहिनीने दार उघडलं. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, लवकर आलात. मी म्हणालो, लागतोच किती वेळ. ती दारात तशीच उभी राहिली. मग तिने चपला घातल्या आणि खाली लाँड्रीवाल्याकडे गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच दादा आणि वहिनीने मशीन बाहेरच्या खोलीत आणलं. माझं टेबल कापड पसरायला घेतलं. माझी पुस्तकं व्यवस्थित बांधून माळ्यावर.

माझ्या यशाबद्दल त्यांची इतकी खात्री असेल असं वाटलं नव्हतं. निकालाचीही वाट बघितली नाही. आता मला अभ्यासाची गरज नाही हे दोघांनी आपापलं ओळखलं.

स्वयंपाकघरात आता फ्रिज पूर्ण उघडतो. अप्पा उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघत होते.

१८ फेब्रुवारी

विश्लेषकाने कसे कपडे घालावेत याचा विचार केला. शांत रंग.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल आला. माझ्या नावापुढे ‘मुख्य परीक्षेस अनुपस्थित’.

अनुपस्थित. मी. जो सगळ्यांच्या आधी उठला तो. यांच्या कारभाराबद्दल मला पहिल्यापासून शंका होती, आता पुरावा मिळाला. कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं. पण साक्षीदार हवा. ज्याने मला तिथे डोळ्यांनी बघितलं असा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बाटलीला गाठायला चष्म्याच्या दुकानात गेलो. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. मी थांबलो. मग सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही मला बघितलंत की नाही? लिहून द्या.

ती म्हणाली, बघितलं की. लवकर उठलात. मला वाटलं तब्येत बिघडली. मी म्हणालो, तब्येतीला काय झालंय, पेपर संपला होता. तिने विचारलं, तुम्हाला शेवटी कुठला प्रश्न आला होता? मी सांगितलं. त्रिकोण, चौकोन, त्रिकोण.

काउंटरवरचं फडकं घेऊन तिने एक स्वच्छच असलेली काच पुसली. मग हळू आवाजात, म्हणजे मालकाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, अहो, ते नमुन्याचे प्रश्न होते. ते झाल्यावर हिरवी पट्टी येते. छान, आता मुख्य परीक्षेसाठी पुढे जा. असं लिहिलेलं असतं त्यावर.

मी म्हणालो, ते मला माहीत आहे.

ती म्हणाली, हो, असणारच.

तिला इंटरव्ह्यूला बोलावलं आहे. मी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं, तेव्हा सांगितलं. अभिनंदन म्हणालो की नाही ते आठवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

घरी सांगायचं ते येताना ठरवत आलो. मुद्दे तयार केले. एक, स्क्रीनची रचना सदोष. दोन, हिरवा रंग दिशाभूल करणारा. तीन, ‘छान’ हा शब्द परीक्षेत वापरूच नये. दादा काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणायचं, अप्पांना कसं गप्प करायचं, सगळं पाठ.

जेवायला बसलो. दादा म्हणाला, भाजीत मीठ कमी आहे का. वहिनी म्हणाली, असेल, घाईत केली. अप्पांनी पाणी मागितलं. मी वाट बघत होतो. हॉटेलच्या युनिफॉर्मची बटणं कुठली आणायची यावर ते दोघं बोलले. ताटं उचलली.

निकालाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मीच लाल पेनने मोठी करून ठेवली होती. सगळ्यांना दिसत होती. कोणी काही विचारलं नाही.

रागावलं असतं तरी चाललं असतं.

२६ फेब्रुवारी

कंपनीला पत्र पाठवलं नाही. तिकीट लावायच्या लायकीची कंपनी नाही.

मेल फुकट जातो, हे मला माहीत आहे.

२ मार्च, सोमवार

पुढच्या महिन्यात बँकेची परीक्षा आहे. त्यातही रीझनिंग. जाहिरात कापून ठेवली. ती अप्पांच्या समोरच पडली होती. त्यांनी वाचली, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. मी बघत होतो. काही बोललो नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

४ मार्च, बुधवार

वहिनीच्या खोलीत युनिफॉर्मचे गठ्ठे छताला लागलेत. बाहेरच्या खोलीला आता ‘वहिनीची खोली’च म्हणतात, मीही आज चुकून म्हणालो. लाँड्रीवाल्याचा माणूस येईनासा झाला, गठ्ठे हॉटेलवर कोण नेणार यावरून सकाळपासून फोन.

वहिनी दारात आली. तोंडात दोन टाचण्या होत्या त्या काढल्या. म्हणाली, भाऊजी, हे हॉटेलवर पोहोचवाल का रोज? लाँड्रीवाला त्याच्या माणसाला देत होता ते तुम्हाला देईन.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

ती म्हणाली, विचार नका करू भाऊजी. फक्त नेऊन द्या.

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. तेच जास्त लागलं. खोलीत जाऊन पडलो. म्हणजे खोली आता नाही, पॅसेजमध्ये पडलो.

५ मार्च, गुरुवार

नेले.

हॉटेलचं मागचं दार. लोखंडी जिना, भट्टीची वाफ, ओल्या लाद्या. दोन्ही खांद्यांवर गठ्ठे. वर स्टोअरकीपर बाई. मोठ्या फळ्यांवर कप्पे. तिने भराभर सांगितलं की स्वयंपाकघरातल्यांचे कुठे, खोल्या आवरणाऱ्यांचे कुठे, मापाप्रमाणे वर-खाली कसे लावायचे, उसवलेले आले तर कुठे टाकायचे. म्हणाली, समजलं का?

समजलं म्हणालो.

समजलं नव्हतं. रिकामे हात घेऊन जिना उतरलो. खाली थोडा वेळ उभा राहिलो. मग परत वर गेलो आणि विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. रागावली नाही. दमलोय. आज इतकंच.